बीसीएस, बीसीए की आयटी? नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम वाचा



बारावीचा निकाल लागला की साताऱ्यात आणि सांगलीत दरवर्षी तोच प्रश्न कानावर येतो. "ताई, बीसीएस घेऊ की बीसीए? बी.एस्सी. आयटी कसं आहे? आणि सीईटीला बरे मार्क पडले तर कॉम्प्युटर घेऊ की आयटी?" गंमत म्हणजे तिसऱ्या वर्षाला असलेली मुलंही मला जवळपास हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. "माझ्या डिग्रीवर पुढं संशोधन करता येईल का?" हा खरं तर पहिलाच प्रश्न आहे, तीन वर्षं उशिरा विचारलेला.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात आणि दोन्हींवर माझा आक्षेप आहे.

पहिलं उत्तर महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात असतं. कुठलीही तीन माहितीपत्रकं शेजारी ठेवून बघा. बीसीएस, बीसीए, बी.एस्सी. आयटी, तिन्हींच्या 'करिअरच्या संधी' या मथळ्याखाली तीच यादी सापडेल: सॉफ्टवेअर डेव्हलपर, वेब डिझायनर, डेटा अॅनालिस्ट, नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटर. तीन पदव्यांना एकच यादी चालत असेल, तर त्या यादीवरून निवड करायची कशी?

दुसरं उत्तर सीनियर देतात, यूट्यूबवर मिळतं, कधी कधी शिक्षकही देतात. "सगळं सारखंच असतं रे, स्किल महत्त्वाचं." हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. पहिल्या नोकरीपुरतं बोलायचं तर या पदव्या बऱ्याच सारख्या आहेत. पुण्यातल्या कंपनीला कोड लिहिता येणारा मुलगा हवा असतो, त्याच्या पदवीवर काय छापलंय याची तिला फारशी फिकीर नसते. पण एम.एस्सी., नेट, गेट आणि पीएच.डी. या वाटेनं जायचं असेल, तर त्या सारख्या नाहीत. आणि फरक नावात नाही, गणितात आहे.

ही नावं आली कुठून?

संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली सुरू झाला. आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच. म्हणजे हा विषय आपल्या विद्यापीठाच्या वयाचा आहे. त्याआधी संगणक बनवणारी माणसं होतीच, पण ती गणित, भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून आलेली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक उभा राहिला. त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या आर. नरसिंहन यांची पीएच.डी. गणितातली होती.

'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' हा शब्द व्यवस्थापनाच्या बाजूनं आला. लेविट आणि व्हिस्लर या दोघांनी १९५८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या एका लेखात तो वापरला. त्यांना उत्सुकता होती ती या तंत्रामुळं कंपनीतल्या व्यवस्थापकांचं काम कसं बदलेल याची. म्हणजे 'कॉम्प्युटर सायन्स' या नावाची मुळं गणिताच्या वर्गात आणि 'आयटी' या नावाची मुळं ऑफिसात.

पुढं एसीएम आणि आयईईई या संघटनांनी २००५ च्या अहवालात संगणनाच्या पाच शाखा वेगळ्या काढून दाखवल्या: कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग. पुढच्या २०२० च्या अहवालात सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्सचीही भर पडली. २००५ च्या अहवालातली मांडणी सोपी आहे. एका टोकाला सिद्धांत आणि दुसऱ्या टोकाला वापर, तसंच एका टोकाला हार्डवेअर आणि दुसऱ्या टोकाला संस्था व माणसं. या नकाशावर प्रत्येक शाखेची जागा ठरते. कॉम्प्युटर सायन्स सिद्धांताकडं झुकतं. आयटी वापराकडं झुकतं: असलेलं तंत्रज्ञान निवडायचं, जोडायचं, चालू ठेवायचं. इन्फर्मेशन सिस्टिम्स संस्थेच्या कारभाराकडं झुकतं.

यात उच्च-नीच काही नाही. माझी तक्रार एवढीच की आपण नावं उचलली आणि नकाशा सोडून दिला.

आपल्या जिल्ह्यांत काय दिसतं

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आपण ज्याला 'बीसीएस' म्हणतो ते मूळचं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एन्टायर). त्याच्या बरोबरीनं 'ऑप्शनल'ही आहे, म्हणजे नेहमीच्या बी.एस्सी.त कॉम्प्युटर हा एक विषय. एन्टायरची जुनी रचना बघितली तर कॉम्प्युटरसोबत गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स दिसतात. बीसीए इथं वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या बाजूला वाढलं, म्हणून त्यात प्रोग्रॅमिंगच्या जोडीला अकाउंट्स, व्यवस्थापन, व्यावसायिक संवाद असे पेपर येत गेले. वरच्या नकाशाप्रमाणं बघितलं तर हे बीसीए म्हणजे बरंचसं इन्फर्मेशन सिस्टिम्स. पण असं कुणी मुलांना सांगतं का?

घाट ओलांडून पुण्याला गेलात की अजून घोळ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बीसीए (सायन्स) विज्ञान शाखेत आहे आणि बीबीए (सीए) वाणिज्य शाखेत. सांगलीचं बीसीए आणि पुण्याचं बीसीए (सायन्स) यांची अक्षरं तीच असली तरी घराणं एक नाही.

साताऱ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ मध्ये रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालयं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं: यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स. त्यामुळं एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांची विद्यापीठं वेगळी असू शकतात. सांगलीचं वालचंद कॉलेज स्वायत्त आहे, त्याचा अभ्यासक्रम तेच ठरवतं. म्हणून "बीसीएसला काय असतं?" हा प्रश्नच अपुरा आहे. "या कॉलेजच्या, या वर्षीच्या बीसीएसला काय असतं?" असं विचारायला हवं.

नाव किती सैल असतं याचा पुरावा अगदी अलीकडचा आहे. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या मान्यतेखाली आले. महाराष्ट्रात सीईटी सेलनं त्यांच्यासाठी पहिल्यांदाच प्रवेश परीक्षा घेतली. त्यावर राज्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांनी काय केलं? अभ्यासक्रमाचं नावच बदललं, म्हणजे मान्यतेची आणि सीईटीची भानगड नको. मुंबईत बीएमएसच्या जागी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) दिसू लागलं. वर्ग तेच, शिक्षक तेच, पाटी नवी. पाटी एवढ्या सहज बदलता येत असेल तर पाटीवर विसंबून तीन-चार वर्षं कशी द्यायची?

पुढच्या परीक्षा काय सांगतात

माहितीपत्रक खरं बोलत नसेल तर पुढच्या परीक्षांना विचारा. त्या स्पष्ट बोलतात.

गेटचा पेपर घ्या. त्याचं नावच 'कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' आहे. दोन्ही शाखांना एकच पेपर. वालचंदला कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी असे दोन्ही विभाग आहेत, पण गेटच्या दारात त्यांची मुलं एकाच रांगेत उभी राहतात. अभ्यासक्रम बघा: डिस्क्रीट गणित, रेषीय बीजगणित, संभाव्यता, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. म्हणून बी.टेक.ला कॉम्प्युटर की आयटी या प्रश्नावर रात्र रात्र जागू नका. यातले किती विषय त्या शाखेत नीट शिकवले जातात तेवढं बघा.

एआय आणि डेटा सायन्स शाखेची गोष्ट मात्र वेगळी. २०२४ पासून गेटला 'डेटा सायन्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा स्वतंत्र पेपर आहे. त्यात संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, ऑप्टिमायझेशन, मशीन लर्निंग आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, नेटवर्क नाहीत. इथं नावामागं खरोखर वेगळा विषय उभा आहे. पण नीट बघा, ज्या शाखेचं नाव सगळ्यात आधुनिक तिच्याच पेपरात गणिताचं पारडं सगळ्यात जड!

आता बीसीए-बीसीएसवाल्यांची बाजू. एनआयटीमध्ये एमसीए करायचं तर निमसेट द्यावी लागते. तिच्या अलीकडच्या स्वरूपात १००० पैकी ६०० गुण गणिताला आहेत आणि संगणकाला १२०. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असणं ही पात्रतेची अटही आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायला जॅम असते, पण जॅमला कॉम्प्युटर सायन्सचा पेपरच नाही. गणित आणि गणिती संख्याशास्त्र आहे. म्हणजे ज्या बीसीएसच्या मुलानं गणित-संख्याशास्त्र मनापासून केलंय, त्याला जॅमचं दार किलकिलं तरी आहे. ज्याच्या पदवीत गणित पहिल्या वर्षाला 'बिझनेस मॅथ्स' म्हणून आलं आणि गेलं, त्याला हे दार दिसतही नाही.

यूजीसी नेट आणि आपली सेट बघा. विषयाचं नाव 'कॉम्प्युटर सायन्स अँड अॅप्लिकेशन्स'. तिथंही पहिलाच घटक डिस्क्रीट स्ट्रक्चर्सचा.

गणिताचं एवढं काय?

"पण ताई, लायब्ररी वापरली की मॉडेल तयार होतं, गणित कुठं लागतं?" रास्त शंका आहे. तासगावच्या द्राक्षबागेतलं एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा तुम्ही द्राक्षाच्या पानांचे १००० फोटो काढले. ९५० पानं निरोगी, ५० पानांवर डाऊनी. तयार लायब्ररी वापरून मॉडेल बनवलं आणि अचूकता आली ९५ टक्के. प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मार्क! आता परीक्षक विचारतात, "प्रत्येक पानाला डोळे झाकून 'निरोगी' म्हणणारा माणूस किती अचूक ठरेल?" उत्तर आहे ९५ टक्केच. म्हणजे एकही रोगट पान न ओळखणारं मॉडेल तेवढेच मार्क मिळवतं. बागायतदाराला तर त्या ५० पानांचीच काळजी होती.

हा प्रश्न स्वतःहून स्वतःला विचारता येणं, याला संशोधनाची तयारी म्हणतात. तो संभाव्यता आणि संख्याशास्त्राच्या सवयीतून सुचतो, लायब्ररीच्या मॅन्युअलमधून नाही. जी पदवी ही सवय लावते ती संशोधनाची पदवी, तिचं नाव काही असो.

आयटी किंवा बीसीएतून संशोधन होत नाही असा अर्थ मात्र काढू नका. एकाच तालुक्यात एका पतसंस्थेत सॉफ्टवेअर रुळतं आणि दुसरीत ते बंद पडून पुन्हा खतावण्या सुरू होतात, असं का? हा अस्सल संशोधनप्रश्न आहे आणि अकाउंट्स शिकलेला बीसीएचा मुलगा तो कॉम्प्युटर सायन्सवाल्यापेक्षा चांगला मांडेल. पण तिथंही नमुना कसा निवडायचा, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला संख्याशास्त्रच लागतं.

अभ्यासक्रम कसा वाचायचा

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर सिलॅबसची पीडीएफ असते. ती उघडा आणि एवढं बघा.

१. गणित-संख्याशास्त्राचे पेपर किती आणि कोणत्या सेमिस्टरपर्यंत? डिस्क्रीट गणित, रेषीय बीजगणित, संभाव्यता ही तीन नावं शोधा.

२. पदवी कोणत्या विद्याशाखेत मोडते? विज्ञान, वाणिज्य की तंत्रज्ञान? पुढच्या प्रवेशाच्या पात्रतेत हीच ओळ आडवी येते.

३. मागच्या वर्षांचे पेपर मिळवा आणि प्रश्नांची क्रियापदं बघा. नुसतं "व्याख्या द्या", "फायदे-तोटे लिहा" असेल तर पाठांतर चालतं. "सिद्ध करा", "काढा", "तुलना करून कारण द्या" असेल तर डोकं चालवायला लावतात. माझ्या मते ही कसोटी सगळ्यात खरी.

४. संदर्भग्रंथांची यादी बघा. डिस्क्रीट गणिताला रोसेन, अल्गोरिदमला कॉर्मेन, ऑपरेटिंग सिस्टिमला सिल्बरशॅट्झ अशी पुस्तकं आहेत की नुसती गाइडं?

५. मागच्या मुलांचे प्रोजेक्ट बघा. दरवर्षी 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' आणि 'हॉटेल मॅनेजमेंट सिस्टिम'च असेल तर तिथं बनवायला शिकवतात, शोधायला नाही.

६. चौथं वर्ष आहे का, आणि ते 'ऑनर्स विथ रिसर्च' आहे का? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी केलेल्याला थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. पण संशोधनासह चौथं वर्ष चालवायला विभागात किमान दोन कायम प्राध्यापक पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. प्रवेश घेण्याआधी ती दोन नावं विचारा. विचारायला लाजू नका, फी तुम्ही भरणार आहात.

आधीच बीसीएला असाल तर

घाबरू नका, पण वेळ घालवू नका. स्वयम् आणि एनपीटीईएलवर डिस्क्रीट गणित, रेषीय बीजगणित आणि संभाव्यतेचे कोर्स आहेत. तुमचं विद्यापीठ मान्य करत असेल तर त्यांचे क्रेडिट गुणपत्रिकेवर घ्या, कारण पात्रता तपासणारा माणूस तुमचं ज्ञान नाही, कागद बघतो. ओपन इलेक्टिव्ह निवडताना सोपा पेपर म्हणून काहीही घेऊ नका, संख्याशास्त्र मिळत असेल तर ते घ्या. आणि ज्या एम.एस्सी.ला किंवा एमसीएला जायचंय तिची पात्रतेची ओळ आजच वाचा, शेवटच्या सेमिस्टरला नाही.

आता कॉलेजांना एक विनंती. माहितीपत्रकातल्या नोकऱ्यांच्या यादीशेजारी फक्त तीन ओळी छापा: या पदवीत गणिताचे किती क्रेडिट आहेत, या पदवीनंतर कोणत्या परीक्षांना बसता येतं, आणि कोणत्या परीक्षांना बसता येत नाही. तिसरी ओळ छापायला धाडस लागेल. पण कोरेगाव, खटाव, जत, आटपाडीहून येणाऱ्या मुलांच्या घरात बहुधा या क्षेत्रातलं कुणीच नसतं. आई-वडील तुमच्या छापील कागदावर विश्वास ठेवून पैसे भरतात. त्या मुलांना ती तिसरी ओळ प्रवेशाच्या दिवशी वाचायला मिळायला हवी.

तोवर पीडीएफ तुम्हीच वाचा. दोन कॉलेजांचे सिलॅबस शेजारी ठेवून काही अडलं तर खाली लिहा, आपण मिळून बघू.